घडीच्या चाकूचे वजन

चाकू विकत घेताना आपण दोन गोष्टी हटकून करतो. अंगठ्याने धार चाचपतो आणि चाकू मिटून तळहातावर तोलून पाहतो. हाताला जड लागला की माल चांगला आहे असे मनाशी ठरवून टाकतो. बेगम बाजारातील दुकानदार ग्राहकाची ही नस ओळखून असतात. जड ते मजबूत, ही समजूत आपल्यात फार खोल रुजलेली आहे. ती कितपत खरी आहे, एवढेच या लेखात पाहावयाचे आहे.

वर्गात विशिष्ट गुरुत्वाचा पाठ घेताना मी आर्किमिडीजच्या मुकुटाऐवजी घडीचा चाकूच उदाहरण म्हणून घेतो. मुकुट कोणी पाहिलेला नसतो, चाकू मात्र प्रत्येकाच्या घरी असतो. शिवाय लाकूड, शिंग, पितळ आणि पोलाद इतके निरनिराळे पदार्थ एवढ्याशा वस्तूत एकत्र आलेले क्वचितच सापडतात.

प्रथम पात्याचा विचार करू. आपल्या या भागाला पोलादाची मोठी परंपरा आहे. तेलंगणातील निजामाबाद भागात कोनासमुद्रम येथे मुशीत तयार होणारे पोलाद नेण्यासाठी एके काळी इराणचे व्यापारी येत असत. परंतु गंमत अशी की ते नामांकित पोलाद घ्या किंवा आजचे अगदी साधे पोलाद घ्या, एका घन सेंटिमीटरचे वजन सुमारे ७.८ ग्रॅमच भरते. पोलादाचा कस त्यातील कार्बनच्या प्रमाणावर आणि त्याला दिलेल्या पाण्यावर अवलंबून असतो, आणि या दोहोंमुळे वजनात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. म्हणजे एकाच मापाची दोन पाती, एक उत्तम व एक टाकाऊ, तराजूला सारखीच. तेव्हा वजनावरून पात्याची परीक्षा होत नाही, हे पहिल्याच पायरीवर स्पष्ट होते.

मग एक चाकू हलका आणि दुसरा जड का? याचे उत्तर मुठीत, म्हणजे आपले हैदराबादी मित्र ज्याला दस्ता म्हणतात, त्यात आहे. हिशेबासाठी १० सेंटिमीटर लांब व २.२ सेंटिमीटर रुंद मूठ धरू. तिच्या दोन बाजूंना प्रत्येकी ३ मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या. दोन्ही मिळून आकारमान १३.२ घन सेंटिमीटर होते. या पट्ट्या शिसवीच्या असतील तर त्यांचे वजन ११ ग्रॅमच्या आसपास भरेल. म्हशीच्या शिंगाच्या असल्या तर १७, काचतंतू व राळ यांच्या थरांच्या असल्या तर २४, अॅल्युमिनियमच्या ३६, टायटॅनियमच्या ५८, पोलादाच्या १०३ आणि पितळेच्या ११२ ग्रॅम. आपल्या बीदरच्या कारागिरांनी जस्ताच्या बिदरी धातूत ही मूठ घडवली, तर ती नव्वदीच्या घरात जाईल. सालारजंग संग्रहालयात यशबाच्या, म्हणजे जेड दगडाच्या मुठीची एक सुरी नूरजहाँची म्हणून दाखवली जाते. ती घडीची नव्हे. पण तो दगड आपल्या चाकूच्या पट्ट्यांना वापरला तर वजन ४० ग्रॅमच्या आसपास येईल, म्हणजे अॅल्युमिनियमहून थोडे जास्त. दगड म्हटल्यावर आपण जेवढे जड समजतो तेवढा तो नाही.

परंतु केवळ बाहेरून दिसणाऱ्या पदार्थावर जाऊन चालत नाही. घडीचा चाकू उघडून त्याच्या खाचेत डोकावून पाहा. लाकडी पट्टीच्या आत धातूचा पातळ पत्रा बसवलेला दिसेल. कोटाला जसे अस्तर, तसा हा मुठीचा अस्तर-पत्रा. १.२ मिलिमीटर जाडीचे असे दोन पोलादी पत्रे घेतले तर त्यांचेच वजन ४१ ग्रॅम होते. ते झाकणाऱ्या शिसवीच्या जवळजवळ चौपट! शिवाय मुठीच्या दोन्ही टोकांना शोभेसाठी व बळकटीसाठी पितळी ठोकळे बसवण्याची पद्धत आहे. प्रत्येक ठोकळा २ सेंटिमीटर लांबीचा धरला, तर काढून टाकलेल्या लाकडाचे वजन वजा जाता ४१ ग्रॅमची आणखी भर पडते.

आता बेरीज करू. पाते ३० ग्रॅम, पाठीची स्प्रिंग ८, खिळे ३ आणि लाकूड ११, असा साधा चाकू ५२ ग्रॅमचा झाला. त्यात पोलादी अस्तर घातले की तो ९३ ग्रॅमवर जातो. पितळी ठोकळे बसवले की १३४. पाते तेच, धार तीच, बाहेरून दिसणारे लाकूडही तेच. पण वजन अडीच पटींहून अधिक!

जगातील प्रसिद्ध चाकूंकडे पाहिले तर हाच हिशेब दिसतो. फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये जो चाकू केला, त्याची मूठ बीच लाकडाच्या एकाच तुकड्याची, मध्ये पात्यापुरती खाच पाडलेली. अस्तर नाही, स्प्रिंग नाही. ८.५ सेंटिमीटर पात्याचा त्याचा आठ नंबरचा चाकू ५० ग्रॅमच्या आसपास भरतो. उलट अमेरिकेतील बक कंपनीचा १९६४ मधील ११० नंबरचा चाकू घ्या. पाते ओपिनेलपेक्षा केवळ एका सेंटिमीटरने मोठे, पण पितळी चौकट व ठोकळे यांमुळे वजन २०० ग्रॅमच्या पुढे. त्याच कंपनीने अलीकडे तेवढेच पाते नायलॉनच्या मुठीत बसवले, तेव्हा वजन निम्म्याहून खाली आले.

रचनेचे महत्त्व स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनर याने फार चांगले ओळखले होते. सैनिकांसाठी केलेला त्याचा पहिला चाकू भक्कम पण बोजड होता. १८९७ मध्ये नोंदलेल्या अधिकाऱ्यांच्या चाकूत त्याने एकाच स्प्रिंगवर दोन्ही अंगांची हत्यारे तोलून धरली आणि दोन स्प्रिंगांत सहा हत्यारे बसवली. पदार्थ बदलला नाही, त्याचा तुकडा दुप्पट कामाला लावला.

येथे कोणी विचारील की, अस्तर काढले, मूठ हलकी केली, तर चाकू वाकणार नाही का? याचे उत्तर बलशास्त्रात आहे. पट्टीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाने वाढतो. अॅल्युमिनियम पोलादाच्या एक तृतीयांश एवढेच कठीण वाकते, पण ते वजनालाही एक तृतीयांश आहे. म्हणून तेवढ्याच वजनात अॅल्युमिनियमची पट्टी सुमारे तिप्पट जाड घेता येते, आणि ती पोलादी पट्टीपेक्षा आठ-नऊ पट ताठ निघते. याच कारणाने अस्तर-पत्र्याच्या मधल्या भागात भोके पाडून वजन कमी करतात. ताण मुख्यतः कडांवर येत असल्याने मधला भाग गेला तरी फारसे बिघडत नाही.

मात्र तीन जागा अशा आहेत की जेथे वजनाची काटकसर करणे म्हणजे बोटांशी खेळणे होय. पहिली, ज्या खिळ्यावर पाते फिरते तो खिळा. दुसरी, उघडलेले पाते जेथे येऊन टेकते ती जागा. तिसरी, पाते मिटू न देणारी स्प्रिंग किंवा खटका. या ठिकाणी मऊ धातू वापरला की छिद्र हळूहळू मोठे होते, पाते डुलू लागते आणि ऐन जोर लावताना बोटांवर मिटते. ओपिनेलच्या हलक्या चाकूलाही १९५५ पासून पाते अडकवणारे पोलादी कडे जोडण्यात आले, ते याचसाठी. आधुनिक चाकूंत टायटॅनियमचा एकच पत्रा मूठ, अस्तर आणि खटका ही तिन्ही कामे करतो. हा धातू पोलादाच्या सुमारे ५६ टक्के वजनाचा. त्याचे मिश्रधातू आपल्याच शहरात, कंचनबागेतील १९७३ साली स्थापन झालेल्या मिश्र धातु निगममध्ये तयार होतात, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

वजन किती याइतकेच ते कोठे आहे हेही महत्त्वाचे. चाकू उघडून तर्जनीवर आडवा तोलून धरा. जेथे तो स्थिर राहील तेथे त्याचा गुरुत्वमध्य. तो पाते आणि मूठ यांच्या सांध्याजवळ असेल तर चाकू हातात आपसूक वळतो. मागे पितळी ठोकळा असेल तर गुरुत्वमध्य मुठीकडे सरकतो, आणि टोक नेमके वळवताना मनगटाला तो ठोकळाही वळवावा लागतो. घरी दिवसातून दोन फळे कापणाऱ्याला याचे काही वाटणार नाही. पण रोपवाटिकेत दिवसभर आंब्याची कलमे बांधणाऱ्या माळ्याला शेकडो नाजूक छेद घ्यावे लागतात. त्याच्या दृष्टीने हे ऐंशी ग्रॅम म्हणजे संध्याकाळी दुखणारे मनगट, आणि थकल्या हाताचा छेद वाकडा गेला तर वाया गेलेले कलम. अशा कष्टकऱ्याच्या हाती केवळ जड म्हणून महाग घेतलेला चाकू पडावा, हे बरे नव्हे.

विद्यार्थ्यांना एक प्रयोग सुचवतो. चाकूचे वजन करा. मग तो उघडून, दोऱ्याने टांगून, पाण्यात बुडवून पुन्हा वजन करा. जितके ग्रॅम कमी भरतील तितके घन सेंटिमीटर त्याचे आकारमान. लाकडी मूठ पाणी पिते, म्हणून हे काम झटपट उरका आणि चाकू लगेच पुसून ठेवा. वजनाला आकारमानाने भागले की सरासरी घनता मिळते. आपल्या उदाहरणातील साध्या चाकूची ती २.८ येते, आणि अस्तर-ठोकळे असलेल्या चाकूची ५.७ च्या आसपास. मूठ न उघडता आत किती धातू दडला आहे, याचा अंदाज या एका आकड्यावरून करता येतो.

जडपणा हा गुण नव्हे आणि दोषही नव्हे. तो एका निर्णयाचा परिणाम आहे. तो निर्णय कारागिराने कामासाठी घेतला की ग्राहकाच्या तळहाताला खूश करण्यासाठी, हे मात्र आपण तपासून घेतले पाहिजे. त्यासाठी खिळा डुलतो का पाहावे, खटका पक्का बसतो का पाहावे, गुरुत्वमध्य शोधावा, आणि मगच वजनाकडे वळावे.