काचेवरची कल्हई

भांड्यांना कल्हई करतात ती कथलाची. ती चांदीसारखी चकाकते, पण तिच्यातून पलीकडचे दिसत नाही. तेच कथील तापत ठेवले तर हवेतला प्राणवायू त्याला लागतो आणि त्याची पांढुरकी राख होते. तिला टिन ऑक्साइड म्हणतात. पिठीसाखर पांढरी दिसते, पण खडीसाखरेतून उजेड पार जातो ना? तसेच हे. टिन ऑक्साइडचा पातळ, सलग थर काचेवर बसवला, तर त्यातून उजेड आरपार जातो.

राख फासून हा थर होत नाही बरे! काच ४०० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि कथलाच्या क्षाराच्या द्रावणाचा बारीक फवारा तिच्यावर मारतात. पाणी उडून जाते, थर घट्ट चिकटतो. असे दोनशे थर एकावर एक रचले, तर कुठे एका केसाएवढी जाडी भरेल.

एवढा खटाटोप कशाला? बघा, विमान उंच गेले की पुढच्या काचेवर बर्फ धरते. चालवणाऱ्याला समोरचे दिसेना झाले, तर आतल्या सर्वांच्या जिवाशी गाठ. काच विजेने तापवावी, तर काचेतून वीज जात नाही. तांब्याचा पत्रा लावावा, तर नजर अडते. म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून काही विमानांच्या काचांवर टिन ऑक्साइडचा थर देऊ लागले. वीजही वाहते, उजेडही येतो.

मात्र निव्वळ टिन ऑक्साइडमधून वीज नीट वाहत नाही. त्यात दुसऱ्या मूलद्रव्याची चिमूट लागते. अँटिमनी ही त्यांपैकी एक. पंगतीत पाट चार आणि माणसे पाच आली, तर चौघे बसतात नि पाचवा मोकळा हिंडतो. कथलाच्या अणूकडे असे चार कण, अँटिमनीकडे पाच. हा पाचवा मोकळा कण म्हणजे इलेक्ट्रॉन. तो चालला की वीज वाहिली.

आम्हाला खरे नवल वाटते ते पुढेच. हे मोकळे कण पुष्कळ झाले की दिसणारा उजेड आत सोडतात, पण निखाऱ्याच्या धगीसारखी न दिसणारी किरणे बरीचशी माघारी फिरवतात. थंड देशांत घराची ऊब बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्यांना असे थर देतात. तिथे बहुधा अँटिमनीऐवजी फ्लोरीन घालतात.

पण चिमूट ती चिमूटच हवी. अँटिमनी जास्त झाली की काच निळसर, काळपट होते. उजेड घटतो, आणि वीजसुद्धा अडखळते.

मोबाइलच्या पडद्यातही असा थर असतो, पण तिथे इंडियम पुष्कळ नि कथील थोडे. इंडियम दुर्मीळ आणि महाग. म्हणून स्वस्त कथलाचाच थर सुधारावा, असा प्रयत्न चालतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही फवाऱ्याने असे थर करून, किती चिमटीला किती उजेड आणि किती वीज, हे तपासले गेले आहे.