पेणचा चिखल, रोह्याचे घाट आणि गाडीची उंची

पेणच्या आरटीओत नोंदणी होऊन एमएच ०६ ची पाटी लागलेली थार किंवा जिम्नी दारात आली, की पहिल्या पावसाआधीच मालकाच्या कानावर दोन सल्ले हमखास पडतात. कंपनीचे टायर काढ आणि बटन टायर टाक, हा पहिला. गाडी दोन इंच उचलून घे, हा दुसरा. स्टेपनी धरून पाच टायर आणि लिफ्ट किट असा हिशेब केला तर खर्च सहज लाखापलीकडे जातो, म्हणून त्यातून नेमके काय मिळते हे आधी तपासून घेतलेले बरे. तपासल्यावर असे दिसते की हे सल्ले एका श्वासात दिले जात असले तरी दोन्ही कामे अगदी वेगळी आहेत. जमिनीवरची पकड टायर ठरवतो. लिफ्ट किट गाडीचे पोट आणि जमीन यांच्यातला कोन बदलते. पेण-रोह्याच्या वाटांवर नवशिक्याची गाडी बहुतेक वेळा अडते ती पकड सुटल्यामुळे. त्यामुळे पहिला पैसा टायरवर घालावा, तोही बेताच्या टायरवर, आणि उंचीचा विचार निदान एक पावसाळा पुढे ढकलावा, असे माझे म्हणणे आहे.

सर्वांत घट्ट बसलेला समज उंचीचाच आहे. किट बसवले की गाडीखालची मोकळी जागा दोन इंचांनी वाढते, असे धरून चालतात. गाडीखाली वाकून पाहिले तर हा समज तिथेच मोडतो. थारच्या मागच्या चाकांना जोडणारा ॲक्सल अखंड आहे आणि त्याच्यावरचा डिफरन्शियलचा गोळा जमिनीच्या अगदी जवळ लोंबतो. जिम्नीला तर पुढे-मागे दोन्हीकडे असा अखंड ॲक्सल आहे. किटमध्ये लांब स्प्रिंग असोत की स्प्रिंगवर बसवायचे गुटके, ते चासीला ॲक्सलपासून वर ढकलतात. ॲक्सल चाकांना बांधलेला असल्यामुळे होता तिथेच राहतो, आणि वाटेतला धोंडा ज्या गोळ्याला लागणार होता त्याला लागायचा तो लागतोच. कंपनी थारची मोकळी जागा २२६ मिलिमीटर आणि जिम्नीची २१० मिलिमीटर सांगते. गोळ्याखालची जागा वाढवायची तर मोठ्या व्यासाचा टायर हा एकच मार्ग आहे, आणि तिथेही वाढलेल्या व्यासाचा निम्माच भाग पदरात पडतो.

आकडे मांडून पाहू. थारच्या एका मापाच्या टायरवर २४५/७५ आर १६ असे लिहिलेले असते. २४५ मिलिमीटर ही रुंदी. टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची तिच्या ७५ टक्के, म्हणजे सुमारे १८४ मिलिमीटर. १६ इंच हा रिमचा व्यास. सगळे मिळून चाक ७७४ मिलिमीटरचे होते. हौसेने बसवल्या जाणाऱ्या २८५/७० आर १७ मापाचे चाक ८३१ मिलिमीटरचे भरते. फरक ५७ मिलिमीटरचा, म्हणजे ॲक्सल वर गेला अवघा २८ मिलिमीटर. त्याच्या बदल्यात स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ८६ च्या आसपास धावते. चाक सात टक्क्यांनी मोठे झाल्यामुळे प्रत्येक गिअरमधला जोर तितकाच कमी होतो, आणि चढावर हळू चालताना नवशिक्याला हवा असतो तो नेमका हाच जोर. शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवले की रुंद टायर आत घासू लागतो आणि तेवढ्यासाठी लिफ्ट करावी लागते. अनेक गाड्यांची उंची अशीच वाढते: वाटेची गरज म्हणून कमी, आणि आधी घेतलेल्या अवाढव्य टायरला जागा करायची म्हणून जास्त.

आता बटन टायरकडे वळू. या, म्हणजे मड टेरेन प्रकारच्या, टायरला मोठाले ठोकळे आणि त्यांच्यामध्ये रुंद चर असतात. चाक वेगाने फिरले की चरांतला चिखल बाहेर फेकला जातो आणि ठोकळे पुन्हा मोकळे होतात. चिकणमातीच्या खोल चिखलात याला तोड नाही, हे मान्यच केले पाहिजे. पण पेण किंवा रोह्यात राहणाऱ्याची गाडी वर्षभर चालते कुठे? वडखळ, नागोठणे, कोलाड असा मुंबई-गोवा महामार्ग, नागोठण्याहून रोह्याला जाताना भिसे खिंड, कोलाडहून वर चढणारा ताम्हिणी घाट. वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात त्यातले चार महिने रस्ता ओलाच असतो. ओल्या डांबरावर आणि काँक्रीटवर पकड देतात त्या ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा आणि जमिनीला टेकणारे जास्तीत जास्त रबर. मड टेरेनमध्ये या दोन्ही गोष्टी कमी, म्हणून ओल्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर गाडी जास्त अंतर घेते. शेवाळलेल्या कातळावरही कडक ठोकळ्यांपेक्षा चिरा असलेले मऊ रबर चांगले धरते. ऑल टेरेन टायर हा मड टेरेन आणि साध्या रस्त्याचा टायर यांच्या मधला आहे. चिखलात तो थोडा कमी पडेल, पण घाटातल्या वळणावर अचानक बैल आडवा आला तर गाडी वेळेत थांबण्याची आशा त्याच्याकडून अधिक. नवशिक्याने या दोन प्रसंगांपैकी कोणता वरचेवर येतो, याचा हिशेब करावा.

रिम जितके मोठे तितकी गाडी दणकट, हाही असाच एक समज. थार दोन मापांत आली आहे: २५५/६५ आर १८ आणि वर सांगितलेले २४५/७५ आर १६. दोन्ही चाकांचा एकूण व्यास जवळजवळ सारखा, पण १८ इंची रिमवर रबराची भिंत १६६ मिलिमीटरची आहे आणि १६ इंचीवर १८४ ची. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू होऊन वर्षानुवर्षे रेंगाळले. तिथले खड्डे ज्यांनी सोसले आहेत त्यांना जास्तीच्या या १८ मिलिमीटरचे मोल वेगळे सांगायला नको. टायर रिमवर दबला की भिंत चिरते, आणि भिंतीतली चीर पंक्चरवाला बुजवू शकत नाही; टायर फेकूनच द्यावा लागतो. म्हणून नवे टायर घेताना नक्षीइतकीच भिंतीची मजबुती विचारावी. भिंतीवर छापलेला चार अंकी आकडाही वाचावा. ३५२४ म्हणजे २०२४ सालच्या ३५ व्या आठवड्यात बनलेला टायर. दुकानात पडून जुना झालेला टायर सवलतीत मिळाला तरी ओल्या कातळावर त्याचे कडक झालेले रबर धरत नाही.

रुंद टायर चिखलात बुडत नाही, हे विधान वाळूपुरते खरे आहे. चिखलात ते खाली काय आहे यावर अवलंबून असते. लाल मातीच्या वाटेवर चार बोटे राड आणि खाली मुरूम असेल तर अरुंद टायर राड कापून मुरमाला टेकतो, आणि रुंद टायर राडीवरच घसरत राहतो. दुसऱ्या महायुद्धातली विलीस जीप जगभरचा चिखल तुडवत गेली ती सहा इंच रुंदीच्या टायरांवर. १९४७ पासून महिंद्राने मुंबईत जोडलेल्या जीपही त्याच वंशाच्या. जिम्नीचे कंपनीचे माप १९५/८० आर १५ आहे. ते पाहून नाक मुरडणाऱ्यांनी ही परंपरा ध्यानात घ्यावी.

खाडीकाठच्या खारेपाटाची गोष्ट मात्र निराळी आहे. तिथल्या काळ्या गाळाला तळच लवकर लागत नाही. चिखलणी करायला शेतकरी पॉवर टिलरला लोखंडी चाके लावतो ती उगाच नाही. त्या गाळात रबराचा कोणताही टायर हतबल आहे. शिवाय तिथे गाडी घालणे हा खेळच गैर आहे. पेणच्या खाडीकाठची शेती बांधांच्या भरवशावर उभी आहे. दोन टनांच्या आसपासची गाडी पावसाळ्यात मऊ झालेल्या बांधावरून गेली, तिथे खांड पडली आणि उधाणाचे खारे पाणी आत शिरले, तर ते शेत पुढची काही वर्षे नापीक होते. कांदळवनात गाडी घालणे तर गुन्ह्यात जमा होते. कुणाच्या खाचरातून किंवा बांधावरून गाडी नेऊन दाखवण्यात कसलेही कौशल्य नाही, आणि ज्या टायरची जाहिरात अशा दृश्यांनी होते त्याच्याबद्दल मला तरी आदर वाटत नाही.

एवढ्या खर्चाच्या चर्चेत जवळजवळ फुकटचा उपाय मागे पडतो: हवा. रस्त्यावर ३० ते ३५ पीएसआय ठेवलेली हवा चिखलाच्या किंवा गोट्यांच्या वाटेआधी २० च्या आसपास आणली, तर टायरचा जमिनीला टेकणारा पट्टा लांबतो, रबर दगडाला बिलगते आणि तोच टायर वेगळाच वागू लागतो. वेग कमी ठेवायचा, हवा १५ च्या खाली न्यायची नाही, कारण मग वळताना टायर रिमवरून निसटू शकतो, आणि डांबरी रस्त्याला लागायच्या आधी पुन्हा भरायची. त्यासाठी हवेचा काटा आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंप एवढेच लागते. लिफ्ट किटच्या किमतीपुढे ही रक्कम किरकोळ आहे.

उंच गाडी पाण्यातून बिनधास्त जाते, या समजाने जीव जातात, म्हणून त्याबद्दल मवाळ बोलून चालणार नाही. थारची पाणी ओलांडण्याची मर्यादा कंपनीने ६५० मिलिमीटर दिली आहे. हा आकडा इंजिनात पाणी शिरण्याबाबतचा आहे. प्रवाहाच्या जोराशी त्याचा संबंध नाही. साधारण दोन फूट वाहते पाणी बहुतेक मोटारींना ढकलून नेऊ शकते, आणि मोठ्या टायरांत कोंडलेली हवा गाडीला तरंगायला मदतच करते. डोंगरात पाऊस झाला की इथले ओढे पाहता पाहता भरतात, आणि राड झालेल्या पाण्याखाली फरशी शाबूत आहे की वाहून गेली ते काठावरून दिसत नाही. शिवाय लिफ्टने ॲक्सल वर गेलेला नसतोच. तापलेला डिफरन्शियल थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि श्वासनळी खाली असेल तर पाणी आत ओढले जाते. ती नळी उंचावर नेऊन बांधणे हे स्वस्तातले, खरोखर उपयोगाचे काम आहे.

यावर आक्षेप असा येतो की मुरलेले ऑफ-रोडर लिफ्ट करतातच ना? करतात. पण त्यांना आपली गाडी कुठे टेकते हे अनुभवाने कळलेले असते, आणि उंचीने बिघडणाऱ्या गोष्टी ते सांभाळतात. समजा, चाकांमधले अंतर १५०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ७०० मिलिमीटर उंचीवर आहे. निम्मे अंतर भागिले उंची हा स्थैर्याचा ढोबळ आकडा १.०७ येतो. गुरुत्वमध्य ४० मिलिमीटर वर गेला की तो १.०१ होतो. पाच टक्क्यांहून जास्त स्थैर्य गेले, आणि ते जाते भिसे खिंडीच्या वळणावर, रोजच्या प्रवासात. थारच्या पुढच्या चाकांचे जॉइंट तिरक्या कोनात फिरू लागतात, त्यांचे रबरी बूट लवकर फाटतात, ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात. दुसरा आक्षेप असा की सगळेच करतात, पकडतो कोण? मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. नाक्यावर कुणी अडवले नाही तरी अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीखाली पाहतोच.

लिफ्टचा खरा उपयोग कोनांसाठी आहे. थारचा पोटाचा कोन, म्हणजे ज्या उंचवट्यावर पोट न टेकता गाडी पलीकडे उतरते तो, २७ अंश आहे. दोन इंच लिफ्टने तो साधारण चार अंशांनी वाढतो. हे हवे की नको ते ठरवायला एक पावसाळा गाडी आहे तशी, ऑल टेरेन टायर आणि कमी हवेवर चालवावी, सोबत दुसरी गाडी आणि ओढायचा पट्टा ठेवावा, आणि दिवाळीच्या सुमारास ती रॅम्पवर चढवून खालचे ओरखडे पाहावेत. डिफरन्शियलच्या गोळ्यावर खुणा असतील तर वाटेवरची चाकोरी निवडायला शिकावे किंवा टायरचे माप किंचित वाढवावे. तिथे लिफ्टचा उपयोग नाही. चासीच्या मध्यावर किंवा मागच्या बंपरखाली खुणा असतील आणि त्या वाटा खरोखर पुन्हा पुन्हा करायच्या असतील, तर आधी पेणच्या आरटीओत काय चालते ते विचारावे, आणि मग गुटक्यांऐवजी जोडीचे शॉक ॲब्सॉर्बर असलेले, दीड-दोन इंचांपलीकडे न जाणारे किट पाहावे. खुणाच नसतील, तर ते पैसे पुढच्या टायरांसाठी बाजूला ठेवावेत.