जादा कमाईचे देणे
कर्ज फेडायचे तर चार तास जादा काम करावे, हा सल्ला ब्रिटनमध्ये नेहमीच हिताचा ठरत नाही. तेथील ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या साहाय्यातून, ठरावीक सूट वगळता, निव्वळ कमाईच्या प्रत्येक पौंडामागे नोव्हेंबर २०२१ पासून ५५ पेन्स कापले जातात; त्यापूर्वी ६३ जात. निदान हाती काही उरते. आजारी आप्ताची शुश्रूषा करणाऱ्यांच्या ‘केअरर्स अलाउन्स’ची तऱ्हा मात्र न्यारी. २०२४-२५ मध्ये आठवड्याची निव्वळ कमाई १५१ पौंडांच्या मर्यादेपेक्षा एका पौंडाने वाढली, तरी ८१.९० पौंडांचा अख्खा भत्ता बुडे. चूक वर्षभर ध्यानात आली नाही, तर ५२ पौंडांच्या जादा कमाईपोटी ४,२५८.८० पौंड परत करावे लागत. जुन्या कर्जावर हे नवे सरकारी देणे! एप्रिल २०२५ मध्ये मर्यादा १९६ पौंडांवर गेली. ती ओलांडताच सारा भत्ता गमावण्याचा नियम मात्र तसाच राहिला.