अननसाचं पुडिंग सेट का होत नाही?

फळांचं मूस म्हटलं की हॉटेलातला उंच काचेचा ग्लास डोळ्यांपुढे येतो आणि ‘हे घरी कुठं जमायचं’ म्हणून आपण पुन्हा आम्रखंडाकडे वळतो. खरं तर आम्रखंड जमणाऱ्या हाताला मूस जमायला काहीच हरकत नाही. दोन्हींत फरक असतो तो मुख्यतः हवेचा. पुडिंगचं म्हणाल, तर खरवस म्हणजे दुसरं काय? तिथं चिकातली प्रथिनंच वाफेवर घट्ट होतात, वरून काही घालावं लागत नाही. बहुतेक फळांच्या पुडिंगांत मात्र घट्टपणासाठी वेगळं काहीतरी घालावं लागतं, आणि पाककृती फसते ती बहुधा तिथंच. माप बरोबर असतं, पण फळाचं आणि त्या घट्ट करणाऱ्या पदार्थाचं पटत नाही.

यात सगळ्यांत खट्याळ अननस. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं, ते प्रथिनांचे तुकडे करतं. जिलेटिन म्हणजे निव्वळ प्रथिन. त्यामुळे ताज्या अननसाच्या फोडी घातलेली जिलेटिनची जेली रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली तरी सकाळी हाती सरबतच लागतं. पपई आणि किवीतही अशीच विकरं आहेत. मटणाला कच्ची पपई चोळतात ती याच गुणासाठी. दुधातली प्रथिनंही यातून सुटत नाहीत. कच्चा अननस घातलेलं श्रीखंड किंवा रायतं काही तासांत कडवट लागायला लागतं, ते दही खराब निघालं म्हणून नव्हे. उपाय एकच, अननस शिजवून घ्यायचा. बारीक फोडी साखरेबरोबर पाच-सात मिनिटं चांगल्या रटरटू द्या, पूर्ण गार करा, मग कशातही घाला. डब्यातला अननस कारखान्यातच तापवलेला असतो, म्हणून तो बिनतक्रार चालतो.

जिलेटिन जनावरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून बनतं, त्यामुळे अनेक घरांत ते येतच नाही. त्याची जागा चायना ग्रास घेतं. हे समुद्री शेवाळापासून काढलेलं अगार. ते प्रथिन नसल्यामुळे अननसाच्या विकराचं त्याच्यापुढे काही चालत नाही. (दूध-साय घालणार असाल तर मात्र अननस शिजवलेलाच हवा.) अगारचा दुसरा गुण आपल्या हवेला फारच सोयीचा आहे. जिलेटिन पस्तीस अंशांच्या आतच वितळतं, म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात ते टेबलावर पाघळणारच. अगार तीस-चाळीस अंशांच्या दरम्यान घट्ट होतं आणि एकदा झालं की ऐंशी-पंच्याऐंशी अंशांपर्यंत वितळायचं नाव घेत नाही. हा गुण सूक्ष्मजीवशास्त्राच्याही कामी आला. १८८१ च्या सुमारास जर्मनीत डॉक्टर वॉल्थर हेस जिलेटिनवर जंतू वाढवत होते. उन्हाळ्यात जिलेटिन वितळायचं, शिवाय काही जंतूच ते पातळ करून टाकायचे. त्यांची पत्नी फॅनी घरी जेली आणि पुडिंगसाठी अगार वापरत असे. तिनं ते सुचवलं, हेस यांनी जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांना कळवलं, आणि आजही प्रयोगशाळांत जंतू वाढतात ते अगारच्याच बशीत. कीर्ती मात्र कॉखना आणि त्यांचे सहायक पेट्री यांच्या बशीला मिळाली, स्वयंपाकघराला नाही.

अगारचं एक वैगुण्य सांगायला हवं. जिलेटिन जिभेवर विरघळतं, अगार विरघळत नाही. जास्त झालं की पुडिंग खळकन तुटतं आणि कडेनं पाणी सोडतं. लिटरभर दुधाला दहा ग्रॅम चायना ग्रास घातलं तर सुरीनं कापता येईल अशी वडी पडते. मूससारख्या मऊ पदार्थाला त्याच्या निम्मं पुरतं. काड्या अर्धा तास गार पाण्यात भिजवायच्या, मग मंद गॅसवर त्या पूर्ण विरघळून पाणी नितळ दिसेपर्यंत उकळायच्या. हे साध्या पाण्यातच करायचं. आंबट रसात उकळलं तर अगारची पकड जाते.

आता खरी मेख. हे गरम पाणी फ्रीजमधून नुकत्याच काढलेल्या आमरसात ओतलं की ते लागलीच गोठतं आणि रसात साबुदाण्याच्या चुऱ्यासारखे पारदर्शक कण पडतात. कितीही घोटलं तरी ते मोडत नाहीत. म्हणून रस आधी कोमटसर करून घ्यायचा, गरम मिश्रणात थोडाथोडा घालत ढवळायचा, आणि हाताला जेमतेम कोमट लागू लागलं की लगेच फेटलेली साय मिसळायची. वाट पाहत बसलात तर पातेल्यातच सेट होईल.

आंब्याच्या मूसला मात्र माझ्या मते अगारही लागत नाही. हापूसचा रस मुळातच दाट असतो. त्याला उचलून धरायचं काम फेटलेलं क्रीम करतं. त्यासाठी क्रीममध्ये निदान तीस टक्के स्निग्धांश हवा, पस्तीस असेल तर उत्तम. दुकानातल्या ‘फ्रेश क्रीम’च्या डब्यावर बहुधा पंचवीस टक्के लिहिलेलं असतं. ते हात दुखेपर्यंत फेटलं तरी नुसतं फेसाळतं, उभं राहत नाही. केकवाल्यांकडचं गोड ‘व्हिपिंग क्रीम’ झटकन फुगतं आणि उन्हाळ्यातही टिकतं, पण ते बहुतांशी वनस्पती-तेलाचं असतं. खाल्ल्यावर टाळूला मेणचट थर बसतो आणि हापूसची चव त्याखाली दबते. हजार रुपये डझनाचा आंबा आणून त्यावर हे ओतणं मला तरी पटत नाही.

घरची साय हा चांगला पर्याय आहे, फक्त तिला विरजण लावलेलं नसावं. दोन दिवसांची ताजी साय गाळण्यातून चमच्यानं दाबून काढायची, म्हणजे गुठळ्या राहत नाहीत. पातेलं, रवी, साय सगळं थंडगार हवं. खाली परातीत बर्फ ठेवलात तर काम निम्मं होतं. थंडीत सायीतले स्निग्ध कण हवेच्या बुडबुड्यांभोवती एकमेकांना धरून राहतात आणि साय फुगते. रवीच्या खुणा पृष्ठभागावर उमटून तशाच राहिल्या की थांबायचं. त्यापुढे आणखी थोडं घुसळलं की कण एकत्र येऊन पाणी सुटतं आणि लोणी निघतं. ताक करताना ज्या क्षणाची वाट पाहतो, त्याच्या जरा अलीकडे इथं हात आवरायचा.

साय पुरेशी नसेल तर चक्का घ्या. अर्धा किलो दह्याचा टांगलेला चक्का पुरणयंत्रातून काढायचा, त्यात वाटीभर आमरस, चवीपुरती पिठीसाखर आणि चिमूटभर मीठ घालायचं, आणि शेवटी वाटीभर फेटलेली साय तळातून वर घेत हलक्या हातानं मिसळायची. इथं मिक्सर लावला की सगळी हवा जाते आणि पुन्हा आम्रखंडच तयार होतं. तेही वाईट नाही म्हणा. चार तास फ्रीजमध्ये ठेवलं की मूस चमच्यावर उभं राहतं.

कॉर्नफ्लॉरचं पुडिंग सगळ्यांत स्वस्त आणि बिनभरवशाचं म्हणून बदनाम. आपली कस्टर्ड पावडर म्हणजे रंग आणि व्हॅनिला घातलेलं कॉर्नफ्लॉरच. १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी अंडं न चालणाऱ्या पत्नीसाठी ते बनवलं आणि शाकाहारी घरांची पुढच्या दोन शतकांची सोय झाली. अर्धा लिटर दुधाला कॉर्नफ्लॉरचे चार सपाट मोठे चमचे, गार दुधात कालवून, आणि दाट झाल्यावरही दोन-तीन मिनिटं उकळायचं. नाहीतर पिठूळ लागतं. स्ट्रॉबेरीचा रस यात शिजवू नये, आंबटपणानं स्टार्च सैल पडतो. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी साखरेबरोबर वेगळी आटवून गार पुडिंगवर पसरावी. आणि चव बघितलेला उष्टा चमचा पुन्हा भांड्यात घालू नये. लाळेतलं विकर स्टार्च तोडतं, म्हणून गार झालेलं दाट कस्टर्ड दुसऱ्या दिवशी पातळ झालेलं दिसतं. सोवळ्याओवळ्याशी याचा संबंध नाही.

राहता राहिलं सीताफळ. ते गॅसवर चढवायचंच नाही. साधारण पासष्ट अंशांपुढे त्याचा गर कडवट होतो. बासुंदी असो वा पुडिंग, पूर्ण गार झाल्यावरच गर घालावा. बिया मिक्सरमध्ये फोडू नका, त्या विषारी असतात. गर मोठ्या भोकांच्या चाळणीवर हातानं चोळून काढायचा. सीताफळ मुळात इतकं गोड असतं की साखर घालण्यापूर्वी चव बघावी. या गराला फेटलेली साय पुरते, दुसरं काही नको. दोन दिवसांत संपवा, आणि उरलंच तर कुल्फीच्या साच्यांत भरून फ्रीझरमध्ये टाका.