लकवा : रात्र गेली म्हणून आशा सोडू नका

मैत्रिणींनो, घरातलं माणूस सकाळी उठलं आणि तोंड वाकडं, हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय, असं दिसलं तर "रात्रीच झालं असेल, आता काय उपयोग" म्हणत बसू नका.

लकव्यात बहुतेक वेळा मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते. काही भाग लगेच मरतो, पण भोवतालचा भाग थोड्या रक्तावर तग धरून असतो. मोठ्या दवाखान्यात शिरेतून औषध सोडून सिटी स्कॅन काढतात. रक्त कुठे किती पोहोचतंय हे सॉफ्टवेअर काही मिनिटांत आपोआप मोजतं. मेलेला भाग एका रंगात, वाचू शकणारा दुसऱ्या रंगात दाखवतं. निर्णय मात्र डॉक्टरांचाच.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेलं 'रॅपिड' हे असंच सॉफ्टवेअर. २०१८ साली छापून आलेल्या दोन अभ्यासांत ते वापरून रुग्ण निवडले. एकात १६, दुसऱ्यात २४ तासांपर्यंत नळीने गुठळी काढली, तरी फायदा झाला.

पण हे प्रत्येकाला लागू पडत नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तर साधारण साडेचार तासांतच देतात. म्हणून तेल चोळण्यात वेळ घालवू नका. लगेच १०८ ला फोन करा. आणि माणूस शेवटचं धडधाकट किती वाजता दिसलं, ते डॉक्टरांना नक्की सांगा.