हाक परत येते तेव्हा

गोदाकाठच्या गंगाखेडची जनाबाई लहानपणीच नामदेवांच्या घरी गेली आणि जन्मभर स्वतःला त्या घरची दासी म्हणवत राहिली. दळण-कांडण, झाडलोट, शेणपाणी करणाऱ्या बाईला तेराव्या-चौदाव्या शतकात कोणी अहो-जाहो केलं असेल, हे संभवत नाही. तीच जनी तिच्या नावावरच्या अभंगांत पंढरीच्या देवाला 'अरे' म्हणते, 'विठ्या' म्हणते. भांडण पेटलं की माणसं 'एकेरीवर आली' असं आपण म्हणतो. आदर म्हणजे अनेकवचन आणि अनादर म्हणजे एकवचन, हा हिशेब आपल्या कानात इतका मुरलेला आहे की जनाबाईची हाक आपण 'भक्तीतली सलगी' म्हणून बाजूला ठेवून देतो. ती बाजूला ठेवू नये. आदर कुठे राहतो, हे नेमकं तिच्याच हाकेतून कळतं. 'तू' की 'तुम्ही' यावर तो ठरत नाही. ज्या रूपात हाक गेली त्याच रूपात ती परत येऊ शकते का, यावर ठरतो.

हे तपासायला अशी भाषा हवी, जिच्यात एका माणसाला 'तुम्ही' म्हणण्याची सोयच नव्हती. प्राचीन ग्रीक तशी होती. देव असो, राजा असो की गुलाम, समोर एक जण असेल तर सर्वनाम एकच, 'सू', म्हणजे 'तू'. म्हणून ग्रीक माणसं उद्धट ठरत नाहीत. होमरच्या 'ओडिसी'त जहाज फुटून किनाऱ्याला लागलेला ओडिसियस राजकन्या नॉसिकाला 'तू'च म्हणतो. पण तिचे गुडघे धरून विनवावं की दुरूनच बोलावं याचा तो आधी विचार करतो, दूर उभा राहतो, तिला 'स्वामिनी' म्हणतो आणि तू देवी आहेस की मानवी, असं विचारतो. सारी अदब संबोधनात आणि अंतरात आहे. इ.स.पू. 399 मधल्या खटल्याचं प्लेटोने लिहिलेलं भाषण पाहा. सॉक्रेटिस पंचांना 'अथेन्सच्या लोकहो' म्हणत राहतो. 'न्यायाधीशहो' ही हाक तो राखून ठेवतो आणि शिक्षा ठरल्यावर, आपल्या बाजूने मत देणाऱ्यांनाच देतो.

मग सगळे 'तू' होते म्हणजे ग्रीक समाज समतेचा होता, असं कोणी म्हणेल. तसंही नाही. मालक गुलामाला 'पाय' अशी हाक मारी. तिचा अर्थ 'पोरा', मग त्या पोराचे केस पिकलेले का असेनात. गुलामाने मालकाला म्हणायचं ते 'देस्पोता', म्हणजे 'धनी'. सर्वनाम सारखं आणि हाक मात्र एकतर्फी. मराठवाड्याच्या गावगाड्यात हे अनोळखी नाही. म्हाताऱ्या सालदाराला वाड्यावरच्या शेंबड्या पोरानेही अरे-तुरे करायचं आणि सालदाराने त्या पोराला 'मालक' म्हणायचं, ही रीत इथे रुजलेली होती. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या अभ्यासकांनी 1960 साली हाच भेद मांडला: एकतर्फी संबोधन सत्ता दाखवतं, दुतर्फी संबोधन नातं दाखवतं.

यावर एक रास्त आक्षेप आहे. देवाला सगळेच 'तू' म्हणतात. मग जनाबाईचं वेगळं काय? सर्वनामापुरतं हे खरं आहे. पण त्या काळच्या मराठीत अदबीची साधनं कमी नव्हती. ज्ञानेश्वरीतला अर्जुन कृष्णाशी बोलताना 'जी' लावतो. लीळाचरित्रात चक्रधर नुसते जात नाहीत, ते 'बिजे' करतात. ही भाषा हाताशी असताना 'अरे' म्हणणं आणि नावाला 'या' जोडणं ही व्याकरणाची सक्ती नव्हती, ती निवड होती. घरात जिला सगळे 'जने' म्हणत आणि जिला उलट तसं कोणालाच म्हणता येत नसे, तिने तीच हाक परत देता येईल असा एक जण शोधला. तोही तिच्या कथांमध्ये जात्याला हात लावतो, गोवऱ्या वेचतो. 'जनी' आणि 'विठ्या' ही नावं एकाच उंचीवर उभी आहेत.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: देवाशी बरोबरी साधली, पण ओसरीवरचं एकेरी सुटलं का? नाही सुटलं. 'ओडिसी'तला राजपुत्र टेलेमॅकस गुलाम डुक्करपाळ युमायसला 'अत्ता', म्हणजे 'बाबा' म्हणतो. युमायस त्याला लेकरू मानतो, पण गुलामच राहतो. हाकेने कायदा बदलत नाही, मजुरी वाढत नाही. तरीही त्या एका शब्दात युमायस मालकीची वस्तू उरत नाही, वडीलधारा माणूस होतो. जनाबाईने हेच खालून वर केलं, आणि ते अधिक अवघड होतं.

म्हणून सगळ्यांनी सगळ्यांना 'तुम्ही' म्हणावं, हा उपाय अपुरा आहे. परभणीकडचं लेकरू मायला 'तू' म्हणतं, मायही त्याला 'तू' म्हणते. त्यात काही उणं नाही. उणं आहे ते भांडी घासायला येणाऱ्या मावशींना घरातल्या पोराने 'ए' म्हणण्यात. त्या मावशींनी त्याला उलट 'ए' म्हटलं तर घराला खपेल का, एवढंच विचारावं. खपत नसेल, तर त्या पोराच्या तोंडची हाक आजच बदलायला हवी.