बर्फावरून घसरण्याची विद्या

आपल्या महाराष्ट्रांत 'घसरणें' ह्या शब्दास फारसा चांगला अर्थ नाहीं. शेवाळलेल्या घाटावर पाय घसरतो, रागाच्या भरांत जीभ घसरते, परीक्षेंत क्रमांक घसरतो, आणि वाईट संगतीनें मुलगा घसरला असें आईबाप दुःखानें सांगतात. परंतु जगाच्या पाठीवर असेहि प्रदेश आहेत कीं, तेथें वर्षांतील चार-पांच महिने ज्यास नीट घसरतां येत नाहीं तोच पांगळा ठरतो. ह्या विद्येची थोडी ओळख बालवाचकांस करून द्यावी, म्हणून हा लेख लिहिला आहे.

गेल्या वर्षीं फेब्रुवारी महिन्यांत मी व माझे कॉलेजांतील तीन जुने स्नेही असे चौघे जण काश्मिरांत गुलमर्ग येथें गेलों होतों. चौघांचीहि चाळिशी उलटलेली. परत आल्यावर वर्गांतील एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, पायांस फळ्या बांधून माणूस बर्फावर उभा तरी कसा राहतो?" प्रश्न साधा होता, पण उत्तर देतांना मला बरेंच वाचावें लागलें.

गुलमर्ग हें श्रीनगराहून सुमारें ५० किलोमीटरांवर, समुद्रसपाटीपासून सुमारें ८,७०० फूट उंचीवर वसलेलें एक विस्तीर्ण कुरण आहे. ह्याचें जुनें नांव गौरीमार्ग असून सोळाव्या शतकांत सुलतान युसूफ शाह चक ह्यानें तें बदलून गुलमर्ग, म्हणजे फुलांचें कुरण, असें केलें, असें सांगतात. उन्हाळ्यांत तेथें खरोखरच फुलें असतात. हिवाळ्यांत मात्र देवदारांच्या शेंड्यांखेरीज हिरवें असें कांहीं दिसत नाहीं. डिसेंबरच्या २१ तारखेपासून पुढील चाळीस दिवसांच्या कडक थंडीस काश्मिरी लोक 'चिल्ला-ए-कलां' म्हणतात. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्यांनीं येतो. तेथील बर्फ मात्र भूमध्यसमुद्राकडून इराण-अफगाणिस्थानावरून येणाऱ्या पश्चिमेकडील वादळांच्या पोटीं येतें. हीं वादळें चुकलीं कीं बर्फहि चुकतें. २०२४ सालच्या जानेवारींत गुलमर्गचें कुरण बहुतेक उघडें पडलें होतें, आणि घोडेवाले, स्लेज ओढणारे व स्की शिकविणारे हात बांधून बसले होते. आपल्या शेतकऱ्यास आषाढ कोरडा जावा, तसेंच तें होय.

येथें स्की क्लबाची स्थापना १९२७ सालीं ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनीं केली. १९४८ सालीं आपल्या लष्करानें येथें स्की शिकविण्याची शाळा काढली. १९९८ सालीं तारेवरून चालणाऱ्या पाळण्याचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, आणि २००५ सालीं दुसरा टप्पा अफरवट पर्वताच्या खांद्यापर्यंत, म्हणजे सुमारें १३,००० फुटांवर, नेण्यांत आला. ह्याच परिसरांत वाढलेला आरिफ खान हा २०२२ च्या बीजिंग येथील हिवाळी ऑलिंपिक सामन्यांत भारताचा एकुलता एक खेळाडू होता.

ही विद्या मात्र फार पुरातन आहे. स्वीडन व रशिया ह्या देशांतील दलदलींतून पांच हजार वर्षांपेक्षांहि जुन्या स्की सांपडल्या आहेत. तेव्हां त्यांचा उपयोग शिकारीसाठीं व प्रवासासाठीं होई. खेळ हा अलीकडचा. १८८८ सालीं नॉर्वेचा फ्रिट्यॉफ नान्सेन हा पांच सोबत्यांसह ग्रीनलंड बेटाचा हिमाच्छादित अंतर्भाग पूर्वेकडून पश्चिमेकडे स्कीवरून ओलांडून गेला. त्याच वर्षीं मद्रास येथें एका मेथॉडिस्ट मिशनरी डॉक्टराच्या घरीं आर्नल्ड लन हा मुलगा जन्मला. त्यानेंच पुढें १९२२ सालीं स्वित्झर्लंडमधील म्यूरेन येथें, झेंड्यांमधून वळणें घेत उतरण्याची 'स्लालम' नांवाची शर्यत आधुनिक स्वरूपांत सुरू केली. बर्फाच्या खेळाचा एक जनक दमट मद्रासेंत जन्मावा, हा योग मौजेचा खरा!

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. माणूस बर्फांत रुततो कां, आणि स्कीवर तरतो कां? समजा, एका मनुष्याचें वजन ६० किलो आहे. त्याच्या दोन्ही तळव्यांचें क्षेत्रफळ सुमारें ४०० चौरस सेंटिमीटर धरल्यास दर चौरस सेंटिमीटरवर १५० ग्रॅम भार येतो. ताज्या, भुसभुशीत बर्फास हा भार सोसत नाहीं, व मनुष्य गुडघ्यापर्यंत आंत जातो. स्कीची प्रत्येक पट्टी १६० सेंटिमीटर लांब व सरासरी ८ सेंटिमीटर रुंद धरिली, तर दोहोंचें क्षेत्रफळ २,५६० चौरस सेंटिमीटर होतें, आणि तोच भार दर चौरस सेंटिमीटरवर सुमारें २३ ग्रॅम, म्हणजे पूर्वीच्या जवळजवळ सहाव्या हिश्शाइतका उरतो. वजन तेंच, पण तें वांटून दिल्यामुळें सुसह्य झालें. कुटुंबांतील ओझ्यांचेंहि असेंच असतें.

हें झालें उभें राहण्याविषयीं. घसरण्याचें कारण निराळें आहे. दाबामुळें बर्फ वितळून पाणी होतें व त्यावरून स्की सरकते, असें पूर्वीं पुस्तकांतून शिकवीत. हिशेब करून पाहिल्यास हें टिकत नाहीं. एका वातावरणाइतका दाब वाढविला असतां बर्फाचा वितळण्याचा बिंदु एका अंशाच्या शंभराव्या भागाहूनहि कमी खालीं येतो. आणि स्कीचा दाब तर एका वातावरणाच्या चाळिसाव्या हिश्शाइतकाहि नाहीं. मग उणे दहा अंशांवर बर्फ वितळतें कसें? बाउडेन व ह्यूज ह्या दोन शास्त्रज्ञांनीं १९३९ सालीं प्रयोगान्तीं दाखविलें कीं, स्की सरकूं लागली म्हणजे घर्षणानेंच उष्णता उत्पन्न होते, व त्या उष्णतेनें पाण्याचा अत्यंत पातळ थर निर्माण होतो. म्हणजे जें घर्षण आपणांस अडवितें, तेंच आपली वाटहि गुळगुळीत करितें. शिवाय बर्फाच्या पृष्ठभागावर द्रवासारखा एक अतिसूक्ष्म थर मुळांतच असतो. ही कल्पना मायकेल फॅरडेनें एकोणिसाव्या शतकांतच मांडली होती.

एकदां घसरूं लागल्यावर वेग किती वाढतो हें पाहण्यासारखें आहे. घर्षण व वारा हिशेबांत न धरल्यास, केवळ २० मीटर उंची उतरतांच मनुष्याचा वेग ताशीं सुमारें ७० किलोमीटर होईल. म्हणून नवशिक्यानें प्रथम शिकावयाचें तें घसरणें नव्हे, थांबणें होय. पट्ट्यांचीं पुढचीं टोंकें जवळ आणून मागचीं टोंकें दूर फांकावयाचीं आणि आंतल्या कडा बर्फांत रोंवावयाच्या. नांगराच्या फाळासारखी आकृति होते व वेग मंदावतो. ह्याच स्थितींत डाव्या पायावर भार दिला कीं माणूस उजवीकडे वळतो, उजव्यावर दिला कीं डावीकडे.

हें लिहिणें सोपें आहे. प्रत्यक्षांत पहिल्या दिवशीं मी सतरा वेळां पडलों, त्यानंतर मोजणें सोडून दिलें. आमचे शिक्षक एक वृद्ध काश्मिरी गृहस्थ होते. ते एकच गोष्ट पुनःपुन्हां सांगत: "पुढें वांका, मास्तरजी, दरीकडे वांका." भीति वाटली कीं मनुष्य स्वभावतःच मागें रेलतो. परंतु मागें रेलल्यानें पट्ट्यांच्या टोंकांवरील भार निघून जातो, त्या वळेनाशा होतात, आणि ज्या पडण्यास आपण भितों तेंच पडणें ओढवतें. ज्या उताराची भीति वाटते, त्याच्याकडे छाती केल्यावांचून त्यावर ताबा मिळत नाहीं. हा धडा मला तिसऱ्या दिवशीं समजला, व त्या सायंकाळीं मी एक लहानसा उतार न पडतां उतरलों. तेव्हांचा माझा आनंद पाहून शेजारचीं दहा वर्षांचीं मुलें हंसत होतीं.

आतां एक गंभीर गोष्ट सांगावयाची आहे. आमच्यापैकीं एक स्नेही नोकरीनिमित्त कित्येक वर्षें थंड देशांत राहिलेला असून ह्या खेळांत तरबेज होता. चौथ्या रात्रीं दीड-दोन फूट नवें बर्फ पडलें, आणि सकाळीं आकाश निळें व स्वच्छ झालें. तो म्हणाला, "असा दिवस पुन्हां यावयाचा नाहीं. मी वर जाऊन दोरीपलीकडच्या उतारावरून खालीं येतों." दोरीपलीकडे म्हणजे राखणदारांनीं सुरक्षित न केलेल्या भागांत. माझ्या मनांत शंका आली होती. पण मित्राचा हिरमोड करूं नये, आणि भित्रा म्हणून हंसें होऊं नये, म्हणून मी गप्प बसलों. इतकेंच नव्हे, तर मानहि डोलविली.

आमचे वृद्ध शिक्षक मात्र गप्प बसले नाहींत. त्यांनीं हातांतील काठी उलटी करून बर्फांत खुपसली. वरचा थर जड लागला. त्याखालीं काठी एकदम साखरेंत जावी तशी गेली. ते म्हणाले कीं, काल पडलेलें बर्फ अजून डोंगराचें झालेलें नाहीं. तें नुसतें पाहुण्यासारखें वर बसलेलें आहे.

त्यांच्या बोलण्यांतील शास्त्र असें. बर्फ एका थरावर एक असें साठत जातें. जमिनीजवळचें बर्फ तुलनेनें उबदार व वरचें अतिशीत असल्यास मधले कण आपली पकड सोडून साखरेसारखे सुटे होतात. त्यांवर नव्या बर्फाची जड लादी बसली म्हणजे एका माणसाच्या भारानेंहि ती तुटते व सारा उतार खालीं येतो. ह्यासच हिमलोट म्हणतात. असे लोट बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, आणि स्कीवाल्यांस आवडणारे उतारहि नेमके तेच! प्राणघातक अपघातांपैकीं बहुतेकांत लोट सुटतो तो त्या मनुष्याच्या किंवा त्याच्या सोबत्यांच्याच भारानें. गुलमर्गच्या परिसरांत ८ फेब्रुवारी २०१० रोजीं अशा लोटांत सराव करणारे १७ जवान मृत्यु पावले. १ फेब्रुवारी २०२३ रोजीं अफरवटच्या उतारावर दोन पोलिश पाहुणे असेच गेले.

लोटांत गाडलेला मनुष्य पहिल्या दहा मिनिटांत बाहेर निघाला, तर दहांपैकीं नऊ जण वांचतात. अर्ध्या तासानंतर मात्र तिघांपैकीं जेमतेम एक. इतक्या वेळांत गांवांतून मदत येणें बहुधा अशक्य. म्हणून दोरीपलीकडे जाणारा प्रत्येक जण अंगावर एक लहान रेडिओ-यंत्र बाळगतो, त्याच्या संकेतावरून सोबत्यांनीं जागा हुडकावयाची, लांब सळईनें खोली चांचपावयाची आणि फावड्यानें खणून काढावयाचें. बर्फांत गाडलेल्याचें सारें आयुष्य त्या घटकेस सोबत्यांच्या हातीं असतें. ज्याचे सोबती दूर निघून गेले, त्याचें यंत्र कितीहि उत्तम असलें तरी व्यर्थ होय.

आमचा स्नेही तास-दोन तास रुसून बसला. मग आमच्याच लहान उतारावर येऊन आम्हांस वळणें शिकवूं लागला. त्या दिवशीं पर्वतावर कांहींएक घडलें नाहीं. कदाचित् तो गेला असता तरी घडलें नसतें. परंतु शहाणपणाचा पुरावा बहुधा न घडलेल्या गोष्टींतच असतो, आणि म्हणूनच त्याचें श्रेय कोणी कोणास देत नाहीं.

रात्रीं शेगडीभोंवतीं बसलों असतां मीं त्यास सांगितलें कीं, सकाळीं मला शंका होती, आणि ती मीं बोलून दाखविली नाहीं. तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला व म्हणाला, "तूं बोलला असतास, तर मीं ऐकलेंहि असतें." त्या पांच-सहा शब्दांनीं मला जितकी लाज वाटली, तितकी सतरा वेळां पडूनहि वाटली नव्हती.

बालमित्रांनो, तुमच्यापैकीं थोड्यांनाच पुढें हिमालयांतील बर्फ पाहण्याचा योग येईल. पण पावसाळ्यांतील धबधबे, भरलेल्या नद्या, समुद्राची ओहोटी आणि गडांचे कडे हे आपल्याहि दाराशीं आहेत. तेथें चार मित्रांनीं मिळून जावें, अवश्य जावें. मात्र चौघांपैकीं एकाच्या मनांत शंका आली, तर त्यानें ती मोठ्यानें बोलून दाखवावी, व उरलेल्या तिघांनीं हंसूं नये. पायांखालची जागा पक्की आहे कीं नाहीं हें पाहणें, ही घसरण्याच्या विद्येची पहिली पायरी. आणि सोबत्याच्या पायांखालची जागा पाहणें, ही शेवटची.